परिविक्षा अधिकारी : अधिकार किती, संरक्षण किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजकार्याचे विद्यार्थी, नव्याने रुजू झालेले अधिकारी आणि ज्यांच्या घरी चौकशीला ‘ऑफिसातून कोणीतरी’ येऊन गेलं अशी कुटुंबं, या तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हल्ला, धमकी, अडथळा अशा गुन्ह्यांच्या कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यांचे आहेत. जिथे जुनाच आकडा लोकांच्या तोंडी आहे, तिथे तोही दिला आहे.

परिविक्षा अधिकारी म्हणजे पोलीसच ना?

नाही. गुन्हा सिद्ध झाला, पण न्यायालयाने तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, तर त्या माणसावर देखरेख ठेवणारा, त्याला कामधंद्याला लावायला धडपडणारा आणि त्याची खरी परिस्थिती न्यायालयाला कळवणारा अधिकारी म्हणजे परिविक्षा अधिकारी. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाचे असतात, गृह विभागाचे नव्हेत. खाकी नाही, काठी नाही, सरकारी गाडी तर नाहीच. खांद्याला पिशवी, पिशवीत फाईल आणि गळ्यात ओळखपत्र, बस. समोरचे ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हणतात आणि पोलीस समजून घाबरतात तरी, नाहीतर पोलीस नाहीत हे कळल्यावर आवाज चढवतात.

कायदा कोणता आणि कधीचा?

अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८. त्याआधी प्रांताप्रांताचे वेगळे कायदे होते. मध्य प्रांत व वऱ्हाडाचा १९३६चा, मुंबई इलाख्याचा १९३८चा. म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या बऱ्याच भागाला ही कल्पना स्वातंत्र्याच्या आधीपासून ठाऊक आहे. १९५८च्या कायद्यात जेमतेम १९ कलमं आहेत, दुपारच्या चहाच्या वेळेत वाचून होतो. वकिलीच्या परीक्षेत मात्र बहुतेक जण कलम ३ आणि ४ पाठ करून पुढे सरकतात. अधिकाऱ्याच्या कामाचं आणि संरक्षणाचं सगळं कलम ७, ९, १३, १४, १५ आणि १६ मध्ये आहे.

अधिकाऱ्याच्या हातात नक्की काय असतं?

कलम १४ मध्ये त्याची कामं दिली आहेत. आरोपीच्या घरची परिस्थिती आणि पार्श्वभूमी तपासून न्यायालयाला अहवाल देणं, सोडलेल्या माणसावर देखरेख ठेवणं, जमेल तिथे काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं, नुकसानभरपाई किंवा खर्च भरायला मदत करणं. ही यादी नीट वाचली की लक्षात येतं, यात ‘चौकशी’, ‘सल्ला’, ‘मदत’ आहे. ‘अटक’, ‘झडती’, ‘जप्ती’ कुठेही नाही. कलम १३ प्रमाणे अधिकारी काम करतो तो आरोपी ज्या जिल्ह्यात राहतो तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली.

तरी त्याच्या लेखणीला वजन आहे. आरोपी २१ वर्षांखालचा असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर कलम ६ प्रमाणे न्यायालयाला त्याला सहजासहजी तुरुंगात धाडता येत नाही. आधी अहवाल मागवावा लागतो, आणि तुरुंगच द्यायचा तर कारणं लिहावी लागतात.

अहवाल न्यायालयाने मानलाच पाहिजे का?

मानलाच पाहिजे असं नाही, पण विचारात घ्यायला हवा. कलम ४ मध्ये ‘अहवाल असल्यास’ अशी शब्दरचना असल्याने कित्येक ठिकाणी अहवाल न मागवताच बंधपत्रावर सोडलं जायचं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या एका प्रकरणात, सोडण्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून तो विचारात घ्यायला हवा, असं स्पष्ट केलं. प्रकरण होतं विनापरवाना बांधकामाचं, पण त्याचा उपयोग झाला तो या अधिकाऱ्यांना.

बंधपत्राच्या अटी मोडल्या तर अधिकारी काय करू शकतो?

न्यायालयाला कळवू शकतो. तेवढंच. कलम ९ प्रमाणे अधिकाऱ्याच्या अहवालावरून न्यायालय अटकेचं वॉरंट काढू शकतं, किंवा त्या माणसाला आणि त्याच्या जामीनदारांना समन्स पाठवू शकतं. वॉरंट बजावायचं काम पोलिसांचं. अटी मोडल्याची खात्री पटली तर न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा ताबडतोब सुनावू शकतं.

आणि पहिल्यांदाच मोडल्या असतील तर? बंधपत्र तसंच ठेवून दंड करता येतो. जास्तीत जास्त ५० रुपये. हा आकडा १९५८चा आहे. तेव्हा ५० रुपयांत कुटुंबाचं महिन्याचं किराणा सामान यायचं. आज तेवढ्यात दोन वडापाव आणि कटिंग आलं तरी पुष्कळ. मुलाने तीन महिने तोंड दाखवलं नाही, अधिकाऱ्याने चार वेळा घर गाठलं, अहवाल लिहिला, तारखा पडल्या आणि शेवटी ५० रुपये भरून तो कोर्टाच्या पायऱ्या उतरला, की त्या वस्तीत अधिकाऱ्याच्या शब्दाला काय किंमत उरते ते वेगळं सांगायला नको. माझ्या मते अधिकाऱ्याच्या असुरक्षिततेची सुरुवात हल्ल्यापासून होत नाही, इथून होते. ‘मॅडमनी लिहिलं तरी काही होत नाही’ हे एकदा गल्लीला कळलं, की पुढच्या भेटीला दारात उभं राहणंही अवघड होतं.

गृहभेटीत धोका नेमका कुठे असतो?

बाहेरच्यांना वाटतं, आरोपी अंगावर येत असेल. असं क्वचित होतं. ज्याचं तुरुंगात जाणं-न जाणं अहवालावर अवलंबून आहे तो बहुधा गोडच बोलतो, खुर्ची पुसून देतो, धाकट्या भावाला थंड आणायला पिटाळतो. गोष्ट बिघडते ती आजूबाजूच्यांमुळे.

एक नेहमीचं चित्र पाहा. पत्ता अर्धवट असतो, ‘अमुक मंदिराच्या मागे, तमुक चाळ’ एवढाच. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारावं लागतं. दुकानदार विचारतो, ‘कशाबद्दल?’ खरं सांगितलं तर मुलाची बदनामी, नाही सांगितलं तर संशय. अधिकारी ‘सरकारी काम आहे’ म्हणून वेळ मारून नेतो, पण दार सापडेपर्यंत मागे पाच-सात पोरं जमलेली असतात. आत आई रडत असते. बापाला वाटतं, पैसे मागायला आले. शेजारी फिर्यादीचं घर असेल तर तिथून आवाज येतो, ‘चोराला सोडवायला आले बघा!’ दोन्ही बाजूंना हा माणूस दुसऱ्या बाजूचा वाटतो. संध्याकाळची वेळ, कोणीतरी प्यायलेलं आणि मोबाईलवर चित्रीकरण सुरू. यातल्या कुठल्याही एका गोष्टीने ठिणगी पडते.

घरात कौटुंबिक भांडण असेल तर जोखीम वाढते, कारण अहवालात कोणाची बाजू येणार यावर घरातल्यांचेच तट पडलेले असतात. महिला अधिकाऱ्यांची संख्या या कामात मोठी आहे, तेव्हा एकटीने जाण्याचा प्रश्न रोजचा आहे.

हल्ला झाला किंवा धमकी आली तर कोणतं कलम लागतं?

इथे कलम १५ कामाला येतं. परिविक्षा अधिकारी कायद्याने लोकसेवक आहे, त्यामुळे लोकसेवकांना असलेलं सगळं संरक्षण त्याला मिळतं. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतली चार कलमं लक्षात ठेवा.

कामात आडकाठी करण्यासाठी धक्काबुक्की किंवा बळाचा वापर झाला तर कलम १३२, म्हणजे जुनं ३५३. शिक्षा २ वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. दुखापत झाली तर कलम १२१, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. दुखापत गंभीर असेल तर किमान १ वर्ष आणि १० वर्षांपर्यंत. इजा करण्याची धमकी देऊन काम करायला किंवा न करायला लावलं तर कलम २२४. आणि मारहाण न करता नुसता अडथळा आणला तर कलम २२१, ज्यात ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शेवटच्या कलमात एक मेख आहे. २२१ खाली न्यायालयाला दखल घ्यायची असेल तर संबंधित लोकसेवकाने, किंवा त्याच्या वरिष्ठाने, लेखी तक्रार न्यायालयात द्यावी लागते. नुसत्या पोलिसांच्या अहवालावर ते प्रकरण टिकत नाही. पुष्कळ अधिकारी पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घेतात आणि काम झालं समजतात. ते झालेलं नसतं.

दुसरी गोष्ट, हल्ला ड्युटीवर असतानाच व्हायला हवा असं नाही. कलम १२१ आणि १३२ दोन्हींत, आधी केलेल्या सरकारी कामाचा राग धरून नंतर हल्ला झाला तरी तो धरला जातो. प्रतिकूल अहवाल दिला म्हणून चार महिन्यांनी बाजारात कोणी कॉलर धरली, तरी ही कलमं लागतात. फिर्यादीत मात्र तो संबंध स्पष्ट लिहायला हवा. ‘अज्ञात कारणावरून’ असं ठाणे अंमलदाराने लिहिलं की प्रकरण साध्या मारामारीवर येतं.

पण ३५३ ला ५ वर्षं शिक्षा होती ना?

होती, महाराष्ट्रात. राज्याने दुरुस्ती करून २ वर्षांची मर्यादा ५ वर्षांवर नेली होती. ती दुरुस्ती जुन्या दंड संहितेला होती. नव्या संहितेच्या कलम १३२ मध्ये पुन्हा २ वर्षंच आली आहेत. सरकारी कार्यालयांत ‘शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम ३५३ अन्वये’ अशी पाटी अजून दिसते. तिचा धाक आहे तोवर राहू दे, पण फिर्याद देताना आकडा बदललाय हे विसरू नका.

मी कंत्राटी आहे. मला हे संरक्षण आहे का?

१९५८च्या कायद्याखाली शासनाने नेमलेला, मान्यता दिलेला किंवा मान्यताप्राप्त संस्थेने पुरवलेला अशा प्रत्येक परिविक्षा अधिकाऱ्याला कलम १५ लागू आहे. नोकरी कायम आहे की नाही, हे ते कलम विचारत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या विधी तथा परिविक्षा अधिकाऱ्याला बालन्याय कायदा, २०१५च्या कलम २(४८) च्या व्याख्येत स्थान आहे. शिवाय शासनाचं मानधन घेऊन सार्वजनिक कर्तव्य करणारा माणूस न्याय संहितेतल्या लोकसेवकाच्या व्याख्येतही बसतो.

प्रत्यक्षातली अडचण कायद्याची नसून करारपत्राची असते. मुदत दरवर्षी संपणार असेल तर वजनदार माणसाविरुद्ध फिर्याद द्यायला कोण धजेल? प्रवासभत्ता मिळवायला सहा सह्या लागत असतील तर माणूस रिक्षा न करता अंधारात चालत परततो. सुरक्षिततेच्या चर्चेत या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण धोका नेमका इथेच वाढतो.

मी दिलेला अहवाल आरोपीला वाचायला मिळतो का?

कलम ७ प्रमाणे अहवाल गोपनीय आहे. मात्र न्यायालयाला योग्य वाटलं तर अहवालाचा मथितार्थ आरोपीला सांगता येतो आणि त्यावर पुरावा द्यायची संधीही देता येते. हे न्यायाला धरूनच आहे. पाठीमागे काहीबाही लिहून कोणाला आत टाकणं बरोबर नाही.

पण ज्यांनी विश्वासाने माहिती दिली त्यांचं काय? मथितार्थ सांगितला की ‘हे शेजारच्या मावशींनीच सांगितलं असणार’ हे ओळखायला फार डोकं लागत नाही. म्हणून अनुभवी अधिकारी अहवालात माहिती कोणी दिली ते न लिहिता माहितीच लिहितात, आणि एकाच माणसाच्या सांगण्यावर काही विसंबून ठेवत नाहीत. कलम १५ आणि १६ सगळे जण अधिकाऱ्याच्या संरक्षणाची कलमं म्हणून सांगतात. मला विचाराल तर त्यात पहिला नंबर कलम ७ चा.

प्रतिकूल अहवाल दिल्याबद्दल माझ्यावर दावा लावता येईल का?

सद्‌भावनेने केलेल्या कामाबद्दल नाही, कलम १६. ‘सद्‌भावनेने’ हा शब्द मात्र मोकळा परवाना नव्हे. घरी न जाता ऑफिसात बसून गृहभेट लिहिली असेल तर हे कलम पाठीशी उभं राहणार नाही.

अधिकारी घरी आले तर दार उघडायलाच हवं का? (कुटुंबांसाठी)

जबरदस्तीने घरात शिरायचा अधिकार त्यांना नाही. ओळखपत्र आणि न्यायालयाचं पत्र जरूर मागा, त्यात त्यांना राग येण्यासारखं काही नाही. पण दार लावून घेतलंत तर अहवालात ‘कुटुंबाने सहकार्य केलं नाही’ एवढीच ओळ जाईल आणि तिचा तोटा तुमच्याच मुलाला होईल. ‘मॅडम, चांगलं लिहा हो’ म्हणत हातात पाकीट देऊ नका, तो वेगळा गुन्हा आहे. शाळेचे दाखले, मालकाचं पत्र, औषधपाण्याचे कागद दाखवा. अधिकाऱ्याला खरा उपयोग त्याचा होतो.

मुलांच्या प्रकरणात काय फरक पडतो?

बालन्याय मंडळासमोर मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल यायला हवा. एका अधिकाऱ्याकडे दोन-तीन तालुक्यांची प्रकरणं असली की या मुदतीची कशी दमछाक होते ते विचारू नका. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामिनाची अट म्हणून दिलेला ‘३०० शब्दांचा निबंध’ देशभर गाजला, तेव्हा बालन्याय मंडळ म्हणजे काय हे पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. त्या निबंधावर महिनाभर वाद रंगला. मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणारा अधिकारी कोणत्या परिस्थितीत काम करतो, यावर कोणी अवाक्षर काढलं नाही.

बालन्याय नियमांनुसार मुलांशी वागताना पोलिसांनीही साध्या कपड्यांत असायला हवं. पुढचा प्रश्न वाचताना हे लक्षात ठेवा.

अमेरिकेत परिविक्षा अधिकारी पिस्तूल बाळगतात म्हणे. आपल्याकडे का नको?

तिथल्या संघराज्य न्यायालयांचे अधिकारी, जिल्हा न्यायालयाने परवानगी दिली असेल तर, शस्त्र बाळगू शकतात, आणि देखरेखीखालच्या माणसाने अटी मोडल्याचं सबळ कारण असेल तर त्याला वॉरंटशिवाय अटकही करू शकतात. तरी त्यांना एक उणीव जाणवत होती. झडतीच्या वेळी देखरेखीखालचा माणूस शांत उभा असतो आणि त्याचा भाऊ किंवा मित्र अंगावर येतो. त्या तिसऱ्या माणसाला अटक करायचा अधिकार त्यांना नव्हता. तो द्यावा म्हणून वॉशिंग्टन राज्याचे प्रतिनिधी डेव्ह रायकर्ट यांनी विधेयक आणलं. ते स्वतः आधी किंग काउंटीचे शेरीफ होते. मे २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहात ते मंजूर झालं, सिनेटमध्ये अडकलं आणि कायदा झालाच नाही. ज्यांच्यावर कुठलाच आरोप नाही अशा नातेवाइकांवर आणि शेजाऱ्यांवर अटकेचा अधिकार चालवणं योग्य का, हा विरोधकांचा आक्षेप होता.

धोका आजूबाजूच्यांकडून असतो हे निरीक्षण तिकडचं आणि इकडचं सारखंच. उपाय मात्र उचलून आणण्यासारखा नाही. तिकडे अधिकारी झडती घ्यायला जातो, आपला माणूस घरची परिस्थिती समजून घ्यायला जातो. कमरेला पिस्तूल लावून विचारलेल्या प्रश्नाला कुठली आई खरं उत्तर देईल? गंमत म्हणजे ही पद्धत सुरू झाली ती अमेरिकेतच, १८४१ मध्ये बोस्टनच्या जॉन ऑगस्टस नावाच्या बूट बनवणाऱ्याने दारूच्या गुन्ह्यातल्या एका माणसाची हमी घेऊन. त्याच्याजवळ शस्त्र नव्हतं, पगारही नव्हता.

निदान अटकेचा अधिकार तरी? बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला देता येतो, मग यांना का नाही?

बरोबर, बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६च्या कलम १६ प्रमाणे राज्य सरकार त्या अधिकाऱ्याला पोलिसांचे ठरावीक अधिकार देऊ शकतं. पण त्याचं काम वेगळं आहे. मांडव पडलाय, मुहूर्त तासाभरावर आहे, थांबवलं नाही तर अनर्थ. परिविक्षेचं काम तीन वर्षांपर्यंत चालतं आणि दर महिन्याला त्याच माणसासमोर बसायचं असतं. एकदा बेड्या घातल्या की तो पुढच्या महिन्यात नोकरी गेल्याचं सांगायला येणार नाही, आणि अधिकाऱ्याला कळायला हवी ती नेमकी हीच गोष्ट असते.

मग कायद्यात बदल करायचे तर कोणते?

माझी यादी छोटी आहे. कलम ९ मधला ५० रुपयांचा आकडा काढून तिथे न्यायालयाच्या विवेकावर सोडलेला, पण अंगाला लागेल असा दंड हवा, किंवा ठरावीक तास समाजसेवेचा पर्याय. अटी मोडल्याचा अहवाल आल्यावर न्यायालयाने किती दिवसांत तो सुनावणीला घ्यायचा याची मुदत कायद्यातच हवी. ही एक गोष्ट झाली तरी अधिकाऱ्याचं निम्मं वजन परत येईल. जोखमीच्या गृहभेटीला दोघांनी जायचं आणि मागितल्यास साध्या कपड्यांतला पोलीस सोबत द्यायचा, हे राज्याला कलम १७ खालच्या नियमांत घालता येईल, त्यासाठी संसदेकडे बघायची गरज नाही. आणि अधिकाऱ्याचा खासगी मोबाईल नंबर व घरचा पत्ता कुठल्याही कागदावर जाऊ नये, कार्यालयाचाच नंबर असावा.

शिक्षा वाढवायची मागणी मी जाणूनबुजून यात घेतलेली नाही. २ वर्षांची ५ झाली काय आणि ५ ची २ झाली काय, दारूच्या नशेत दगड उचलणारा संहिता वाचून उचलत नाही.

समाजसेवेच्या नव्या शिक्षेची देखरेखही यांच्याकडेच येणार का?

न्याय संहितेने पाच हजारांखालची पहिली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, बदनामी अशा सहा गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आणली आहे. देखरेख कोणी करायची ते संहितेत लिहिलेलं नाही. काम शेवटी कोणाच्या टेबलावर येऊन पडतं, हे सरकारी कार्यालयात दोन वर्षं काढलेल्या कुणालाही सांगता येईल. आलं तर आनंदच, पण पदं भरून आणि भत्ते देऊन येऊ दे.

मला आजच धमकी आलीय. आधी काय करू?

धमकीचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह, लिहून काढा. शिवी असली तरी गाळू नका. फोनवर आली असेल तर कॉलची नोंद आणि संदेश पुसू नका. त्याच दिवशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांना प्रत द्या, कलम १३ मुळे ते तुमच्या कामाचे नियंत्रक आहेत. गुन्हा दखलपात्र असेल तर फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचा प्रश्न नंतरचा. ज्या न्यायालयाने देखरेख सोपवली त्यालाही स्वतंत्र अहवाल द्या आणि गरज वाटली तर प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायची विनंती करा. तसं करायचा अधिकार न्यायालयाला आहे आणि ते मागण्यात कमीपणा नाही. पुढची गृहभेट मात्र एकट्याने करू नका, त्या माणसाला कार्यालयातच बोलवा.